उणे एकशे सत्तावीस

भोरखेडी फाट्यावर एसटीतून उतरलं की समोरच पत्र्याचं एक दुकान लागतं. पाटीवर ‘शेखर इलेक्ट्रॉनिक्स’ असं लिहिलेलं आहे आणि पाटीखाली खुर्ची टाकून खुद्द शेखर बसलेला असतो. लोणार-मेहकर रस्त्यावरचा माणूस बंद पडलेला मिक्सर, पंखा, फवारणीचा पंप, नाही तर रानडुकरांसाठी कुंपणाला लावायचं झटका मशीन घेऊन येतो आणि शेखरला त्याचं दुखणं सांगतो. शेखर सगळं शांतपणे ऐकून घेतो, डॉक्टरसारखे दोन प्रश्न विचारतो आणि मग मान मागे वळवून म्हणतो, "अवं, याचं मशीन टकटक करते, पण झटका देत नाही म्हणते." मशीन पडद्याआड जातं. पडद्याआड त्याची बायको दीपमाला असते. दुरुस्ती ती करते. जाताना गिऱ्हाईक शेखरचे आभार मानतो आणि शेखर ते ठेवून घेतो.

यात लपवाछपवी अशी काही नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं. दीपमालाचं माहेर मेहकरचं. वडील शिंपी होते. मुलीनं शिवण शिकावं म्हणून त्यांनी तिला मशीनवर बसवलं, तर तिनं दोन दिवसांत मशीनची मोटर उघडून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवली आणि ती आधीपेक्षा कमी आवाज करायला लागली, तेव्हा वडिलांनी तिला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या वर्गात घातलं. त्या वर्गात बावीस मुलं आणि ती एकटी. पहिले सहा महिने मास्तर हजेरी घेताना तिचं नाव आलं की दरवाज्याकडं पाहायचे. त्यांना वाटायचं, ही शेजारच्या शिवणवर्गातली चुकून आली असेल. परीक्षेत ती पहिली आली तेव्हा त्यांनी पाहायचं सोडलं.

पुढं टीव्ही भिंतीला चिकटायला लागले आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणं सोपं झालं. दीपमाला हटली नाही. मोटर आपोआप चालू-बंद करणारे डबे आले, त्यात काळ्या किड्यासारखी एक चिप असायची. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून, चार डबे जाळून, तिनं ती चिप समजून घेतली. सेहेचाळीसाव्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या डागांची इतकी गर्दी झाली होती, की रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र तिला ओळखायलाच तयार नव्हतं. तिच्या वाट्याचं धान्यसुद्धा शेखरच्या अंगठ्यावर यायचं.

अशा या भोरखेडीला जानेवारीत हवामान यंत्र मिळालं.

योजना मोठी होती. साठ गावांना यंत्रं मिळाली, त्यात भोरखेडी एक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरा डबा बसला, डब्यावर लाल आकड्यांची पाटी. डब्यात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढी एक हुशार चिप. तिनं दर मिनिटाला सेन्सरला विचारायचं, "किती गरम आहे?" सेन्सरनं सांगायचं, आणि चिपनं तो आकडा पाटीवर लावून सिमकार्डातून वरच्या ऑफिसला पाठवायचा. वरून मग शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सल्ला यायचा. उद्घाटनाच्या दिवशी सेन्सर डब्याखालीच वीतभर वायरला लोंबत होता आणि पाटीवर २८ आलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. सरपंच सिंधूताई यांच्या हस्ते फीत कापली गेली, आणि फोटोत त्यांच्या हातातली कात्री तेवढी आली.

मार्चमध्ये एक साहेब तपासणीला आले. त्यांनी पुस्तक उघडून सांगितलं, की सेन्सर भिंतीला लोंबता चालत नाही, मोकळ्या जागेत खांबावर पाहिजे. म्हणून कंपनीच्या माणसांनी वीस मीटर वायर ओढून सेन्सर पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर नेला. साहेब गेले. त्याच दुपारी पाटीवर आकडा आला: उणे एकशे सत्तावीस.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो काढले. आठ दिवसांनी कोणी वर बघेनासं झालं, कारण गावाला सरकारी पाटीवरच्या चुकीची सवय असते. पण ग्रामसेवक चिंतामण यांना बघणं भाग होतं. चिंतामण मेहकरहून रोज मोटरसायकलनं यायचे. सरळ माणूस, अक्षर सुंदर, आणि आयुष्यात एकही रकाना कोरा न सोडल्याचा अभिमान. त्यांच्या रोजच्या अहवालात तीन रकाने होते: यंत्र कार्यरत आहे काय, आकडा प्राप्त झाला काय, आणि आकडा. चिंतामण रोज लिहायचे: होय. होय. उणे एकशे सत्तावीस.

तक्रार त्यांनी केली नाही असं नाही. कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "सर, आकडा येतोय ना?"

"येतो. पण चुकीचा येतो."

"येतोय म्हणजे यंत्र चालू आहे, सर. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

एप्रिलच्या अखेरीला दुसरे एक साहेब आले. पाटीखाली उभे राहून त्यांनी रुमालानं मान पुसली, टक्कल पुसलं, रुमाल पिळला आणि पाटीवरचा आकडा वहीत उतरवून घेतला. चिंतामण हळूच म्हणाले, "साहेब, हे जरा कमी वाटतं."

"वाटणं वेगळं आणि शास्त्र वेगळं, भाऊसाहेब," साहेब म्हणाले आणि गाडीत बसून काचा वर केल्या.

इथपर्यंत दीपमालाचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. संबंध आला तो सासूमुळं. गीताबाई सत्तरीच्या, पण घरामागच्या वाफ्यात मिरचीची रोपं त्याच तयार करायच्या. पावसाळ्यात लावणीला आजूबाजूचे लोक रोपं त्यांच्याकडूनच न्यायचे. मोबाईलवर संदेश वाजला की त्या तो शेखरकडून वाचून घ्यायच्या आणि अक्षरशः पाळायच्या. मेच्या पहिल्या आठवड्यात संदेश आला: आपल्या गावात तीव्र थंडीची लाट आहे. रोपवाटिका प्लास्टिकच्या कागदानं झाकून घ्याव्यात.

शेखरनं तो वाचला आणि गीताबाईंनी वाफे झाकले. दुपारी दीपमाला जेवायला घरी आली तेव्हा सासू कागद उचलून उभी होती. आत रोपं नव्हती, शिजलेली भाजी होती.

"आत्याबाई, हे काय केलं? बाहेर आग ओतून राह्यली नं."

"मले का समजत नाही का माय, गरम होते थे?" गीताबाई म्हणाल्या. "पण सरकारनं सांगतलं नं थंडी हाय म्हणून. म्या म्हटलं, आपलं म्हातारं आंग. आपल्याले बरोबर कळत नसंल."

हे ऐकून दीपमालाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सत्तर उन्हाळे पाहिलेल्या बाईनं स्वतःच्या कातड्यावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. ती तशीच, हात न धुता, ग्रामपंचायतीत गेली.

"भाऊसाहेब, तो डबा मले उघडू द्या. मी पाहून घेतो."

चिंतामण घाबरले. "वहिनी, त्याला सील आहे. सील जिल्ह्याचं, डबा कंपनीचा आणि जबाबदारी तेवढी माझी. शेखरभाऊंना पाठवा, त्यांच्याशी बोलतो मी."

शेखर गेला, दोघांनी चहा घेतला आणि शेखर परत आला. "ते म्हणते, कंपनीचा इंजिनियर येऊन राह्यला," त्यानं पडद्याआड सांगितलं.

इंजिनियर खरंच आला. त्याचं नाव हर्षल. पुण्याहून आलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, पाठीवर बॅग, आणि वागायला अतिशय सभ्य. ग्रामपंचायतीच्या पायरीवर त्यानं लॅपटॉप उघडला. दीपमाला शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं आपणहून सांगितलं, "काकू, सेन्सरकडून उत्तर आलंच नाही, तर प्रोग्राम उणे एकशे सत्तावीस दाखवतो. ते तापमान नाहीये. तो एरर आहे."

"म्हंजे चिप विचारते, अन् सेन्सर बोलत नाही."

"अगदी बरोबर."

"मंग काऊन बोलत नाही?"

"ते हार्डवेअरमध्ये येतं. मी सॉफ्टवेअरचा आहे. हार्डवेअरची टीम वेगळी."

"थे कधी येते?"

"त्यांची व्हिजिट दिवाळीनंतर आहे."

मग त्यानं अर्धा तास टकटक केली, आणि पाटीवर २८ आलं. पायरीवर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामणांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. त्यांनी हर्षलचा डब्याबरोबर फोटो काढला, आणि हर्षल दोनच्या गाडीनं गेला. दीपमालानं मात्र त्याला गाडीत चढता चढता गाठलं.

"बाबू, खरं सांगा. काय केलं तुम्ही?"

हर्षल जरा लाजला. "उत्तर आलं नाही तर शेवटचं बरोबर आलेलं उत्तर दाखवायचं, असं लिहिलंय. वायर लांब केली त्याच्या आधीचं शेवटचं अठ्ठावीस होतं."

"थे मार्चमधलं."

"हो. पण एरर तर दिसत नाही ना आता?"

बस गेली. दीपमाला धुळीत उभी राहिली. तिच्या तीस वर्षांच्या कामात तिनं खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. झटका मशीन पाण्यात पडलं नव्हतं असं शपथेवर सांगणारे, आणि मशीन उघडल्यावर आतून बेडकी निघायची. यंत्र मात्र कधी खोटं बोललं नव्हतं. उणे एकशे सत्तावीस हा आकडा विचित्र असेल, पण प्रामाणिक होता. चिप बिचारी ओरडून सांगत होती की मला ऐकू येत नाही. आता तिला गप्प बसवून तिच्या तोंडी अठ्ठावीस घातलं होतं.

पाटीवरचे २८ सकाळी २८ असायचे, भर दुपारी २८ असायचे. वरच्या ऑफिसात समाधान पसरलं. सल्ला बदलला: हवामान आल्हाददायक असून दुपारी शेतात काम करण्यास अनुकूल आहे. चौथ्या दिवशी दयाराम हा गावातला साठीचा शेतकरी तो सल्ला मानून भर बारा वाजता कांद्याच्या आरणीवर, म्हणजे काढून ठेवलेल्या ढिगावर, पाला टाकायला गेला, आणि चक्कर येऊन पडला. दोघांनी त्याला धरून फाट्यावर आणलं आणि दुकानाच्या सावलीत निजवलं. दीपमालानं ओलं फडकं त्याच्या डोक्यावर ठेवलं, शेखरनं पाणी पाजलं. शुद्ध आल्यावर दयाराम पहिलं वाक्य बोलला, "आल्हाददायक म्हंजे काय बे, शेखर?"

त्यानंतर ती चिंतामणांकडं गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ सरपंचांच्या घरी गेली. सिंधूताई चुलीवर भाकरी थापत होत्या. सरपंचपद त्यांच्याकडं आरक्षणानं आलं होतं, आणि ते त्यांचे यजमान सांभाळत होते. शिक्का त्यांच्या खिशात, खुर्चीवर ते, आणि सही करायला तेवढ्या ताई. यजमान त्या दिवशी लग्नाला गेले होते. दीपमालानं सगळं सांगितलं: वाफे, अठ्ठावीस, दयाराम. सिंधूताईंनी तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली, हात पुसले.

"डब्बा उघडाले कोणाची परवानगी लागते?"

"भाऊसाहेब म्हणते जिल्ह्याची."

"अन् गावातल्या वस्तूले सरपंचाची लागत नाही का?"

"तुमाले मी विचारूनच राह्यली नं, ताई."

"चाल मंग."

ग्रामपंचायतीच्या आवारात सिंधूताई भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन डब्याखाली उभ्या राहिल्या. चिंतामण धावत आले. "ताई, साहेबांना एकदा फोन करतो. निदान यजमानांना येऊ द्या."

"भाऊसाहेब, सरपंच कोण हाय? कागदावर पाहून सांगा," त्या म्हणाल्या. चिंतामणांना कागदाचा अतोनात आदर होता. ते बाजूला झाले. सिंधूताईंनी स्टुलावर चढून कागदी सील स्वतःच्या हातानं टरकन फाडलं. आवाज छोटाच झाला, पण तो ऐकायला पायरीवर पंधरा माणसं होती.

दीपमालानं शेखरला मीटर घेऊन बोलावलं आणि हर्षलला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"बाबू, तुमचं ते अठ्ठावीस काढून टाका. मले खरा आकडा दिसला पाह्यजे."

"काकू, तो बदल आमच्याकडं सगळ्यांना फार आवडलाय हो. मला वरून शाबासकी आली. साठही गावांत टाकलाय आम्ही."

"आमच्या गावचा काढा," दीपमाला म्हणाली. "दयाराम चक्कर येऊन पडला तुमच्या अठ्ठाविसानं."

हर्षल म्हणाला, "थांबा. इथूनच काढतो."

"तिथून होते का?"

"सिमवरून होतं."

"मंग त्या दिवशी कायले आले होते एवढ्या दूर?"

"फोटो लागतो ना, काकू. व्हिजिटचा."

दहा मिनिटांनी पाटीवर उणे एकशे सत्तावीस आलं. लोकांना जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. दीपमालानं झाकणाचे चार स्क्रू काढले आणि मीटर लावलं. सेन्सरला तीन वायरी जात होत्या. एक विजेची, एक परतीची आणि एक बोलायची. डब्यापाशी वीज बरोबर होती, पाच व्होल्ट. मग ती उन्हातून चालत वीस मीटरवरच्या खांबापाशी गेली, तिथं मोजली. चार पूर्णांक नऊ. म्हणजे सेन्सर उपाशी नव्हता. परत येऊन तिनं बोलायच्या वायरवर मीटर ठेवलं. काटा थरथरला आणि जवळजवळ शून्यावर बसला.

"हे पाहा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून सगळेच पुढं झाले. "या दोघाईले बोलाले वायर एकच हाय. ज्याले बोलायचं थो वायर खाली ओढते अन् सोडते, ओढते अन् सोडते. थेच त्याईचं बोलणं. पण सोडल्यावर वायर वरतं उचलाले कोणीतरी पाह्यजे नं? इथं थे कोणीच नाही. वायर पडली थे पडलीच. मंग समोरच्याले काय ऐकू येईन?"

बोर्डावर तिनं बोट फिरवलं. वायर जिथं चिपकडं जात होती, तिथंच बाजूला दोन बारीक भोकं रिकामी होती आणि खाली छापलं होतं: आर-चार.

"बाबू, आर-चार काय हाय?"

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. "रेझिस्टन्स आहे. चार पूर्णांक सात किलोओहम. ड्रॉइंगमध्ये आहे... थांबा, खरेदीच्या यादीत त्याच्यापुढं ‘ऐच्छिक’ लिहिलंय. आमच्याकडं टेबलावर त्याच्याशिवाय चालत होतं."

"टेबलावर वायर केवढी होती?"

"एवढी... वीतभर."

"इथं वीस मीटर हाय."

पलीकडून हर्षल अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हो ना."

वीतभर अंतरावर चिपच्या पोटातला आधार पुरत होता, म्हणून उद्घाटनाचं अठ्ठावीस खरं होतं. वीस मीटरला तो पुरेना. दीपमालानं शेखरला दुकानात पाठवलं. "जुन्या टीव्हीचा बोर्ड हाय नं खिडकीत, थो आण." शेखर बोर्ड घेऊन आला. तिनं त्यातून त्याच मापाचा, पिवळा, जांभळा, लाल अशा पट्ट्यांचा एक दाणा काढला, गव्हापेक्षा जरासा मोठा, आणि आर-चारच्या भोकांत बसवून डाग दिला. पाटी एकदा विझली, पेटली, आणि आकडा आला: ४२.६.

यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत. लोक नुसते वर बघत राहिले. एक जण म्हणाला, "हाव, एवढंच गरम होऊन राह्यलं." पायरीवर बसलेला दयाराम ताठ होत म्हणाला, "म्या म्हटलं होतं नं!" त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पाणीपुरवठ्याची मोटर सुरू झाली, आणि पाटीवर पुन्हा उणे एकशे सत्तावीस. चिंतामण कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "गेलं. सीलही गेलं आणि आकडाही गेला."

दीपमालानं मोटर बंद करायला लावली. ४२.७. चालू करायला लावली. उणे एकशे सत्तावीस. तीनदा असं केलं आणि मग ती वायरीच्या मागं मागं चालत गेली. वायर ओढणाऱ्यांनी सोय बघून ती मोटरच्या जाड केबलला गुंडाळून नेली होती, वीसच्या वीस मीटर. "ढोलाजवळ बसून कानात गोष्ट सांगाले लावली त्याले," ती म्हणाली. सिंधूताईंनी पदर खोचला. दोघींनी मिळून वायर सोडवली आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरून नेऊन बांधली. जोर थोडा वाढावा म्हणून दीपमालानं पहिल्या दाण्याला खेटून तसाच दुसरा दाणा बसवला. मोटर सुरू झाली. ४२.९. एक वाजता ४३.४. आकडा हलत होता, मोटर चालत होती, आणि शेखर प्रत्येक येणाऱ्याला ‘पाच व्होल्ट बरोबर होते’ असं समजावून सांगत होता.

तिसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. भोरखेडी येथील तापमान एका दिवसात पंधरा अंशांनी वाढले असून ही बाब गंभीर आहे, वाढीस जबाबदार कोण, याचा खुलासा तात्काळ सादर करावा. चिंतामणांचा चेहरा पडला. त्यांनी दीपमालाला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वहिनी, एक करता येईल का? उद्या अठ्ठावीस, परवा तीस, मग बत्तीस. रोज दोन-दोन अंशांनी वर नेऊ. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही."

"भाऊसाहेब, तोपर्यंत पाऊस येईन."

खुलासा शेवटी सिंधूताईंनी सांगितला आणि चिंतामणांनी सुंदर अक्षरात लिहून घेतला. तो चार ओळींचा होता: तापमान वाढलेले नाही. ते आधीपासून होते. यंत्राला ऐकू येत नव्हते, ते आता येते. सील मी फाडले. खाली सही, आणि यजमानांच्या खिशातून मागून घेतलेला शिक्का. यजमानांनी तो का पाहिजे म्हणून विचारलं, ताईंनी सांगितलं, "सरपंचाले लागते."

वर काय झालं ते भोरखेडीला कळलं नाही. पंधरा दिवसांनी कंपनीचं परिपत्रक मात्र साठही गावांना आलं. कंपनीच्या तज्ज्ञांनी सखोल संशोधनाअंती शोधून काढलं होतं, की आर-चार या जागी एक भाग बसवणं हितावह आहे. हर्षलनं त्याच दिवशी फोन केला. त्याच्या आवाजात शरम होती. "काकू, तुमचं नाव टाकायला सांगितलं होतं मी. ‘अधिकृत तंत्रज्ञ नाही’ म्हणून काढलं. पण भाग बसवायला आमच्याकडं माणूस नाही. तुम्ही जाल का? जाण्यायेण्याचं आणि कामाचं मी बघतो."

शेखरनं मागून विचारलं, "काय म्हणते?"

"मले बोलावते," दीपमाला म्हणाली, आणि पडदा बाजूला करून दुकानाच्या पुढं येऊन बसली, कारण आत रेंज येत नव्हती.

आठवडाभर ती लोणार आणि मेहकर तालुक्यातली गावं एसटीनं फिरली. पिशवीत मीटर, सोल्डरिंग, पाण्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत दाणे. काही गावांत लोकांनी चहा पाजला. एका गावात डबा उघडला तर आत पालीनं अंडी घातली होती. दिवसाला तीन गावं व्हायची. शनिवारी ती खैरमाळला पोचली.

खैरमाळचे सरपंच उकंडराव तिला पाटीखालीच भेटले. पाटीवर २८ होतं. दुपारचा एक वाजला होता आणि आवारातलं कुत्रं सावलीसाठी रिकाम्या हौदात शिरलं होतं. उकंडरावांनी परिपत्रक वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"बाई, आमचं यंत्र चांगलं हाय. त्याले हात लावू नका."

"सरपंचसाहेब, सेन्सर बोलतच नाही. हे जुनं अठ्ठावीस हाय."

"असंन. पण पंचवीस दिवस झाले, एका पॉइंटानं हाललं नाही. सरकारी नोंद हाय." त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. खैरमाळ हे थंड हवेचं ठिकाण म्हणून जाहीर व्हावं, असा ठराव ग्रामसभेनं एकमतानं मंजूर केला होता. सोबत रोजचे आकडे जोडले होते. टेकडीवर विश्रामगृह, तळ्यात होडी, आणि घोडे कुठून आणायचे याचासुद्धा एक परिच्छेद होता. "वरून पत्र आलं," उकंडराव म्हणाले. "प्रस्ताव विचाराधीन हाय म्हणते."

दीपमालानं पुडी पिशवीत परत ठेवली. गाडीला अजून तासभर होता. ती ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं, मान पुसली, बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. उकंडराव तिच्याकडं काळजीनं बघत होते. त्यांच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा नकाशा उमटला होता.

"काऊन बाई, बरं नाही का वाटत?"

"गरम होऊन राह्यलं."

"होते," ते समजुतीच्या आवाजात म्हणाले. "बाहेरून आलेल्या माणसाले आमची थंड हवा एकदम सोसत नाही."